गुडगुडींतील पाणी

गुडगुडी घरच्या घरीं जुळवितां येण्याइतकी सोपी आहे, आणि तिच्या दीर्घ प्रसाराचें एक कारण याच सोपेपणांत आहे. खोबरें काढून पोकळ केलेला नारळ, वेळूची नळी आणि मातीची चिलीम एवढ्या सामग्रीवर ती उभी राही. नारळाच्या जागीं मोडींत निघालेला पितळी गडूही चाले; आणि तांब्यापितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेल्या नाशिकसारख्या शहरांत अशा जुन्या भांड्यांची वाण पडण्याचें कारण नव्हतें. पश्चिम आशियांत हुक्क्यास ‘नारगिले’ म्हणतात. हा शब्द नारळवाचक फारसी ‘नारगील’ शब्दापासून निघाला असून त्याचें मूळ संस्कृत ‘नारिकेल’ हें आहे. म्हणजे हुक्क्याला पुढें चांदीचा साज चढला, तरी त्याच्या नांवांत नारळ राहिलाच.

तंबाखू मात्र परकी. ती अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानांत आली व दक्षिणेंत रुजली. सतराव्या शतकाच्या आरंभीं अकबराचा वकील असद बेग हा विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें तंबाखू आणि ती ओढण्याची नळी बादशहापुढें ठेविली. दरबारांतील वैद्यानें त्याच वेळीं तिला हरकत घेतली होती. पुढें 1617 मध्यें जहांगिरानें तंबाखू ओढण्यास मनाई केली. पण ती फारशी टिकली नाहीं.

या यंत्राचें कार्य वायूच्या दाबावर चालतें. भांड्यास दोन छिद्रें असतात. एकांतून चिलमीची नळी खालीं येऊन पाण्यांत बोटभर बुडते. दुसऱ्यांतील नळी पाण्याच्या पातळीच्या वरच थांबते. ओढणाऱ्यानें श्वास आंत घेतला कीं पाण्यावरील हवेचा दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब पूर्वीइतकाच असल्यामुळें ती चिलमींतून आंत शिरते आणि निखाऱ्यावरचा धूर आपल्याबरोबर खालीं नेते. तो धूर बुडबुड्यांच्या रूपानें पाण्यांतून वर येतो. त्याचाच तो गुडगुड आवाज. सांधा कोठें सैल राहिला, तर धुराऐवजीं नुसती हवाच आंत येते. म्हणून सांधे ओल्या फडक्यानें आवळून बांधीत.

येथपर्यंत सर्व ठीक. परंतु पाण्यांतून आलेला धूर धुवून निघतो व निरुपद्रवी होतो, अशी जी समजूत पुष्कळांच्या मनांत असते, ती या यंत्राच्या रचनेशीं जुळत नाहीं. पाणी जें विरघळवूं शकतें व ज्याला स्पर्श करतें, तेंच धुवून काढतें. बुडबुड्याच्या कडेचा धूर तेवढा पाण्यास लागतो. पोटांतला तसाच वर निघून जातो. निखाऱ्यापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं, आणि रक्तांतील हीमोग्लोबिनाशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट जडतो. निकोटिनाचा कांहीं अंश पाण्यांत राहतो हें खरें. पण त्यामुळें तलफ भागण्यास ओढणारा अधिक वेळ ओढीत बसतो. पाण्याचा निश्चित गुण एकच, तो म्हणजे धूर थंड करणें. थंड धूर घशाला बोचत नाहीं, म्हणून तो अधिक खोल घेतला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनें 2005 मध्यें प्रसिद्ध केलेल्या टिपणांत याचें माप दिलें आहे. एका सिगारेटचे आठ ते बारा झुरके मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास धूर होतो. हुक्क्याच्या एका बैठकींत पन्नास ते दोनशें झुरके घेतले जातात, आणि त्यांतला एकेक झुरका 0.15 ते 1 लिटरचा असतो. नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर विडीच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. तेथली विडी ओढणारा आपण तंबाखूच ओढतों हें जाणून असतो. हुक्का ओढणाऱ्यास मात्र पाण्याच्या भरंवशावर तें विसरतां येतें.

हल्लीं कांहीं तरुण प्लॅस्टिकची बाटली, रबरी नळी व रंगविलेला डबा यांतूनही असलें यंत्र जुळवितात. नारळ आणि भाजलेली माती या कामास टाकाऊ वाटल्या तरी योग्य होत्या; माती निखाऱ्याची आंच सोसते. प्लॅस्टिक त्या आंचेनें वितळतें, रंग जळतो, जस्ताच्या मुलाम्यापासून विषारी वाफा निघूं शकतात, आणि त्या सर्व थेट फुप्फुसांत जातात. बंद खोलींत निखारा ठेवणें हा धोका तर शेजारीं बसलेल्यांनाही आहे. मुंबईंत 29 डिसेंबर 1917 ला नव्हे, तर अगदीं अलीकडे, 29 डिसेंबर 2017 रोजीं उपाहारगृहांस लागलेल्या आगींत 14 माणसें दगावलीं. त्यानंतर 2018 मध्यें महाराष्ट्रांत हुक्क्याचे अड्डे कायद्यानें बंद झाले. घरांतील बाटलीवर मात्र घरांतल्या माणसांचीच नजर हवी.

वाद घालण्यापेक्षां हा प्रश्न प्रयोगानेंच सोडविणें बरें. कांचेच्या बाटलीस दोन छिद्रांचें बूच बसवावें. एक लांब नळी पाण्यांत बुडवावी व तिच्या वरच्या तोंडाशीं जळती उदबत्ती धरावी. दुसरी आंखूड नळी पाण्याच्या वर ठेवून तिला पिचकारी जोडावी आणि दट्ट्या सावकाश मागें ओढावा; तोंड लावूं नये. बुडबुडे फुटतील आणि पाण्यावरच्या मोकळ्या जागेंत पांढरा धूर जमलेला मुलांना डोळ्यांनीं दिसेल. कार्बन मोनॉक्साइड तर रंगहीन व गंधहीन असल्यामुळें तोही असाच पाण्यांतून पार होतो, पण कोणाला दिसत नाहीं, हें मोठ्यांनीं त्याच वेळीं सांगावें.