कॉकपिटमधील लघुसंगणक सुरक्षितपणे बंद करणे

लहान विमानांच्या कॉकपिटमध्ये रास्पबेरी पायसारख्या लघुसंगणकांवर आधारित पूरक उपकरणे वापरली जातात. स्ट्रॅटक्स हे त्यांपैकी एक मुक्तस्रोत उपकरण होय. ते ९७८ आणि १०९० मेगाहर्ट्‌झ वारंवारतांवरील एडीएस-बी संदेश ग्रहण करून आसपासच्या विमानांची स्थाने वाय-फायद्वारे वैमानिकाच्या टॅबलेटवर पाठवते.

कारण

संगणक प्रणाली माहिती प्रथम तात्पुरत्या स्मृतीत साठवते व नंतर मेमरी कार्डावर लिहिते. उड्डाणानंतर मुख्य स्विच बंद केल्यास वीजपुरवठा तत्क्षणी खंडित होतो. त्या वेळी लेखन चालू असल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते आणि पुढील उड्डाणापूर्वी उपकरण सुरूच होत नाही.

उपाय

* मुख्य स्विचपूर्वी उपकरणाला बंद होण्याची आज्ञा देणे.
* वीज गेल्याचे ओळखणारे परिपथ व सुपरकपॅसिटर बसवणे. त्यातील ऊर्जेवर उपकरण काही सेकंद चालून स्वतः व्यवस्थित बंद होते.
* कार्डावरील मूळ प्रणाली केवळ वाचनीय ठेवून सर्व बदल तात्पुरत्या स्मृतीत करणे.

तिसऱ्या पद्धतीत वैमानिकाला वेगळी कृती करावी लागत नाही. मात्र वीज जाताच स्मृतीतील नोंदी नष्ट होतात. उड्डाणाच्या नोंदी जपायच्या असल्यास त्यांच्यासाठी कार्डावर स्वतंत्र विभाग ठेवावा लागतो.