आजारपणाचा खर्च आणि नोकरीला बांधलेला विमा

पुण्याहून निघालेला महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर अशी शहरे मागे टाकीत बंगळुरात शिरतो, तेव्हा वेशीवर भेटते ते पीण्या औद्योगिक क्षेत्र. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात वसलेल्या या क्षेत्राची गणना दक्षिण आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत होते. जवळच्या जलहळ्ळी येथील एच.एम.टी. आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यांच्या आधाराने येथील कित्येक लहान कारखाने उभे राहिले. लेथवर कातकाम करणारे, मुलामा चढविणारे, साचे बनविणारे आणि अलीकडच्या काळात तयार कपडे शिवणारे असे नाना तऱ्हेचे कारखाने येथे आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय खर्चाचा विचार करताना या वसाहतीपासून आरंभ का करावयाचा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर येथील कामगाराच्या पगारपत्रकात आहे.

या पत्रकात एक लहानशी वजावट असते. दरमहा १६,००० रुपये मिळविणाऱ्या कामगाराच्या वेतनातून कामगार राज्य विमा योजनेसाठी १२० रुपये कापले जातात व मालक आपल्या पदरचे ५२० रुपये भरतो. १ जुलै २०१९ पासून हे दर कामगारासाठी पाऊण टक्का व मालकासाठी सव्वातीन टक्के असे ठरले आहेत. या ६४० रुपयांच्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. आजारपणात काम बुडाले तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. बाळंतिणीला २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. उपचाराला रकमेची कमाल मर्यादा नाही. महामंडळाचे एक रुग्णालय पीण्यातच आहे आणि राजाजीनगरात त्याहून मोठे रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय आहे.

अमेरिकन कामगाराच्या पगारपत्रकातही अशीच एक ओळ असते. परंतु २०२४ साली तेथे मालकामार्फत घेतलेल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. त्यांपैकी सुमारे ६,३०० डॉलर कामगाराने दिले व उरलेले मालकाने. पीण्यातील वर्गणी वेतनाच्या प्रमाणात असते, तशी ही नसते. एकाच कंपनीतील झाडूवाला आणि व्यवस्थापक यांचा हप्ता बहुधा सारखाच असतो. मालकाचा वाटा मालकच भरतो असे कागदोपत्री दिसते, पण अर्थशास्त्रज्ञांच्या मते त्याचा फार मोठा भाग शेवटी कामगाराच्या न मिळालेल्या पगारवाढीतूनच निघतो. कामगाराला मात्र तो दिसत नाही. अमेरिकेतील पुष्कळ गोष्टींचे मूळ या न दिसण्यात आहे.

२०२३ साली त्या देशाने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. हे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के, म्हणजे माणशी साडेचौदा हजार डॉलर इतके पडते. एवढे करूनही अमेरिकन माणसाचे सरासरी आयुर्मान इतर श्रीमंत देशांच्या तुलनेत काही वर्षांनी कमीच आहे. यावर प्रथम असे सुचते की, तेथील लोक उठल्यासुटल्या डॉक्टरकडे धावत असतील. गेरार्ड अँडरसन, ऊवे राइनहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हा समज तपासून पाहिला. डॉक्टरच्या भेटी आणि रुग्णालयातील दिवस यांचे प्रमाण इतर प्रगत देशांच्या तुलनेत अमेरिकेत जास्त नसून उलट कमी आढळले. अधिक होती ती प्रत्येक गोष्टीची किंमत. तेच औषध, तीच शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील तोच एक दिवस अमेरिकेत कितीतरी महाग पडतो.

इन्सुलिनचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या संशोधकांनी १९२३ साली आपले एकस्व टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. पुढे नवी, सुधारित इन्सुलिने निघाली, हे खरे. परंतु त्यांपैकी एकाची कुपी १९९६ साली सुमारे २१ डॉलरला मिळत होती, तिची छापील किंमत काही वर्षांपूर्वी २७५ डॉलरांच्या घरात गेली होती. त्या काळात तीच कुपी सीमेपलीकडे कॅनडात पुष्कळ स्वस्त मिळे. २०२३ साली लोकमताच्या दडपणाखाली कंपन्यांनी छापील किमती उतरविल्या.

मग किमती वाढू दिल्या कोणी? भाजीबाजारात गिऱ्हाईक घासाघीस करते. छातीत कळ आलेला मनुष्य तसे करू शकत नाही. त्याला कोणती तपासणी आवश्यक आहे हे ठरविणारा आणि ती विकणारा पुष्कळदा एकच असतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हे वेगळेपण शास्त्रशुद्ध रीतीने मांडले. बहुतेक प्रगत देशांनी यावर तोडगा काढला तो असा की, घासाघीस रोग्याने करू नये, ती सरकारने किंवा सर्व विमा संस्थांनी मिळून करावी. अमेरिकेत ती शेकडो विमा कंपन्या वेगवेगळी करतात. त्यामुळे एकाच रुग्णालयात एकाच शस्त्रक्रियेचे दर कंपनीगणिक निराळे असतात आणि हिशेब जुळविणाऱ्या कारकुनांची फौज दोन्ही बाजूंना पोसावी लागते. तिचा पगारही अखेर रोग्याच्याच बिलात चढतो.

ही व्यवस्था कोणी योजून उभारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली. कामगार टिकवून धरण्यासाठी मालक आरोग्यविमा देऊ लागले, कारण तो वेतनात धरला जात नसे. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला कर नाही, ही सवलत १९५४ च्या कायद्याने पक्की झाली. युद्धकाळातील एक सोय अशा रीतीने देशाची आरोग्यव्यवस्था होऊन बसली.

नेमक्या त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. १९४३ साली भारत सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविले. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. विमा सक्तीचा असावा, वर्गणी मालक व कामगार या दोघांनी भरावी आणि आरंभ कापड, अभियांत्रिकी व खनिज-धातू या उद्योगांपासून करावा, असा त्यांचा आराखडा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढविली. १९४८ साली कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला.

अध्यक्ष ट्रूमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना अमेरिकन काँग्रेसपुढे मांडली ती नोव्हेंबर १९४५ मध्ये, म्हणजे आडारकरांच्या अहवालानंतर अवघ्या सव्वा वर्षाने. एका गरीब, परतंत्र देशातील योजना तडीस गेली आणि जगातील सर्वांत श्रीमंत देशातील बारगळली. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर गोळा केले, जाहिरातीचा धंदा करणारी एक पेढी नेमली आणि ही योजना म्हणजे ‘समाजवादी वैद्यक’ असा शिक्का तिच्यावर मारला. शीतयुद्धाच्या वातावरणात एवढे पुरेसे झाले. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्ध व निर्धन यांच्यासाठी मेडिकेअर आणि मेडिकेड या योजना आणल्या, तेव्हा पहिले कार्ड वयोवृद्ध ट्रूमन यांनाच देण्यात आले. नोकरदारांचा विमा मात्र होता तेथेच राहिला. १९७४ मध्ये निक्सन आणि १९९४ मध्ये क्लिंटन यांचे प्रयत्न फसले. २०१० साली ओबामा यांच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने कोट्यवधी लोकांना विमा मिळाला. तरीही २०२३ साली सुमारे अडीच कोटींहून अधिक लोक विम्यावाचून होते.

डॉक्टर, औषध कंपन्या आणि विमा कंपन्या यांच्या स्वार्थाकडे बोट दाखविणे सोपे आहे व ते चुकीचेही नाही. एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. मेडिकेअरसाठी औषधांच्या किमतींची वाटाघाट सरकारने करू नये, असे कलम २००३ च्या कायद्यात घालण्यात आले होते. २०२२ मध्ये ते काही औषधांपुरते शिथिल झाले आणि पहिल्या दहा औषधांचे ठरीव दर १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. परंतु याहून चिवट अडथळा मला सामान्य माणसाच्या मनातील धास्तीचा वाटतो. ज्याला नोकरीतून बरा विमा मिळतो, तो कुरकुरतो, पण हातचा सोडून पळत्याच्या पाठीस लागत नाही. क्लिंटन यांच्या योजनेविरुद्ध विमा कंपन्यांनी दूरचित्रवाणीवर दाखविले ते स्वयंपाकघरात बसून काळजी करणारे एक साधे जोडपे. ओबामांना तर ‘तुमची आवडती योजना तुमच्याकडेच राहील’ असे अभिवचन द्यावे लागले आणि २०१३ साली लक्षावधी लोकांच्या जुन्या योजना रद्द झाल्यावर त्याची मोठी किंमतही मोजावी लागली.

ही धास्ती केवळ अमेरिकनांचीच आहे असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असा नियम येऊ घातला. बंगळुरातील कपडे शिवणाऱ्या हजारो स्त्रिया त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. दुसऱ्याच दिवशी सरकारने तो नियम मागे घेतला. म्हातारपणासाठी पैसा राखून ठेवावा हा सरकारचा हेतू तत्त्वतः योग्यच होता. पण नोकरी सुटली, मूल आजारी पडले, तर हाताशी असलेली तीच एक पुंजी होती. जिचा उद्याचा दिवस अनिश्चित आहे, तिला तीस वर्षांनंतरच्या हिताची गोष्ट कशी पटावी?

नोकरीला बांधलेल्या विम्याचा मूळ दोष दोन्ही देशांत एकच आहे. अमेरिकेत नोकरी गेली की विमाही जातो. जुना विमा सामान्यतः दीड वर्षापर्यंत चालू ठेवता येतो, पण तेव्हा मालकाच्या वाट्यासह सगळा हप्ता स्वतःच भरावा लागतो आणि तोही पगार बंद झाल्यावर. तेथे नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना हे चांगलेच ठाऊक आहे. पीण्यात दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्याला योजना सक्तीची नाही. एका लहान गाळ्यात दोन यंत्रांवर काम करणारे सहा-सातजण त्यामुळे सहज बाहेर राहतात. दवाखान्यांतील रांगा आणि औषधांचा तुटवडा यांविषयी तक्रारी आहेतच. त्याच वेळी महामंडळाच्या गंगाजळीत मोठा निधी शिल्लक आहे, ही विसंगती सहज समजण्यासारखी नाही.

वेतनमर्यादेचा पेच तर खास आपला आहे. १ जानेवारी २०१७ रोजी ती १५,००० वरून २१,००० रुपये करण्यात आली. ही मर्यादा ठरविताना जादा कामाचे पैसे धरले जात नाहीत. दहा वर्षे यंत्रावर काढलेल्या कुशल कामगाराचा पगार २०,८०० वरून २१,३०० झाला, की वर्गणीची सहामाही संपताच, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्च यांनंतर, त्याची वर्गणी थांबते. आधी भरलेल्या वर्गणीच्या बळावर काही महिने लाभ चालू राहतात व मग तेही संपतात. पाचशे रुपयांच्या वाढीत चौघांच्या कुटुंबाचा खासगी विमा बसत नाही. म्हणून काही ठिकाणी कामगारच मालकाला विनवतात की, वाढ मूळ पगारात दाखवू नका, जादा कामात दाखवा.