यानातली बाई काय करते?

विज्ञानपट लागला की आपल्याकडच्या बायका हळूच उठतात. कुणाला विरजण लावायचं आठवतं, कुणाला उद्याची भाजी निवडायची असते. ‘ते यानबिन पोरांचं, आपल्याला काय कळतंय!’ हे वर. पण मैत्रिणींनो, याच प्रकारात पोट धरून हसवणारे काही सिनेमे आहेत आणि त्यांत यंत्रं नावाला, माणसंच जास्त. आपला १९८७ चा ‘मिस्टर इंडिया’ तरी दुसरं काय होता? मनगटावरच्या यंत्रानं माणूस अदृश्य होतो, लाल उजेडात तेवढा दिसतो, हे विज्ञानच की! आपण मात्र श्रीदेवीत आणि त्या पोरांच्या गोंधळात रमलो.

अशा सिनेमांना ‘कल्ट’ म्हणतात. म्हणजे ज्यांचे भक्त सिनेमा तोंडपाठ करतात. ‘अशी ही बनवाबनवी’चा कुठलाही संवाद अर्धा टाका, समोरची पुरा करते की नाही? तसंच.

पहिला बघायचा तो रॉबर्ट झेमेकिस यांचा ‘बॅक टू द फ्युचर’ (१९८५). मार्टी नावाचा अमेरिकन मुलगा एका विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या मोटारीतून थेट १९५५ सालात जातो. गाडीनं ताशी ८८ मैल, म्हणजे साधारण १४० किलोमीटरचा वेग घेतला की काळ ओलांडायचा! तिथं त्याला भेटते त्याचीच आई, शाळकरी वयातली. एरवी ही आई लेकीला ऐकवत असते की आमच्या वेळी मुली अशा पोरांच्या मागे लागत नव्हत्या. आणि इथं बघावं तर हीच लॉरेन सिगारेट ओढते, घरातली बाटली पळवते आणि चक्क मार्टीवरच भाळते. तो आपला पोटचा पोर आहे हे तिला बिचारीला काय माहीत!

पटकथाकार बॉब गेल यांना ही कल्पना सुचली ती वडिलांच्या शाळेचा जुना वार्षिक अंक चाळताना. त्या वयात यांची आणि आपली मैत्री झाली असती का, असा प्रश्न त्यांना पडला. माझी आई मुलगी असताना मैत्रिणींबरोबर सायकलवरून टॉकीजला जायची. हे मला कळलं ती गेल्यावर, तिच्या मैत्रिणीकडून. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. लॉरेनचं नशीब पालटतं ते एका ठोशानं, आणि तो ठोसा तिचा नसतो. गाडीतल्या जबरदस्तीचा तो प्रसंग लहान मुलांसमोर नको, वयात आलेल्यांबरोबर जरूर बघावा.

माझा जीव मात्र ‘गॅलेक्सी क्वेस्ट’वर (१९९९, दिग्दर्शक डीन पॅरिसो). कधीच बंद पडलेल्या एका अंतराळ-मालिकेतले हे नट. चाहत्यांचे मेळावे आणि दुकानांची उद्घाटनं यांवर कसंबसं चाललंय. तिकडे परग्रहावरच्या भोळ्या जिवांनी ती मालिका खरा इतिहास समजून पाहिलेली असते, कारण खोटं म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नाही. मालिकेवरून त्यांनी खरंखुरं यान बांधलंय आणि संकट आल्यावर या नटांनाच वाचवायला बोलावलंय. आता आली का पंचाईत!

या ताफ्यात एकच बाई, ग्वेन. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये राक्षसी जिवाशी झुंजणारी सिगर्नी वीव्हर हिनंच ती भूमिका करावी, यातच निम्मी गंमत आहे. मालिकेत ग्वेनला काम एकच, संगणक बोलेल ते पुन्हा मोठ्यानं म्हणायचं. खऱ्या यानातही ती तेच करते. एक जण वैतागतो, तेव्हा ती उसळून सांगते की काम फालतू आहे, पण मला तेवढंच दिलंय आणि ते मी करणार म्हणजे करणार.

मी हसले, पण मग गप्पच झाले. बचत गटाच्या कामानिमित्त किती सभांना बसलेय मी! खुर्चीत बाई, शेजारी तिचे ‘हे’. ते कुजबुजतात, ही मोठ्यानं म्हणते. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली, तर इंग्रजीचा गंध नसलेल्या एक मावशी चटकन म्हणाल्या, ‘म्हंजे आपल्या सरपंचीणबाईच की गं!’ मग कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. मावशींनीच पुढं विचारलं, ‘पर यान चालवलं कुणी?’ म्हटलं, सगळ्यांनी मिळून. ग्वेन तर वाटेतल्या जीवघेण्या यंत्रांतून धडपडत जाते आणि सगळं उडवायला निघालेलं यान थांबवायला मदत करते.

‘मेन इन ब्लॅक’ (१९९७) तुमच्या मुलांनी पाहिला असेलच. त्यात एका शेतकऱ्याचं कातडं पांघरून झुरळासारखा परग्रहवासी हिंडतो. शेतकऱ्याची बायको आयुष्यभर त्याची बोलणी खात आलेली. सरकारी माणसं तिची आठवण पुसतात आणि जागी नवी गोष्ट भरतात. नवरा दुसरीबरोबर पळाला, असं एक जण सांगतो. दुसऱ्याला ते पुरत नाही. तो म्हणतो, छे, तूच त्याला हाकलून दिलंस, आता शहरात जा, चांगले कपडे घे. हा प्रसंग साधारण मध्यावर येतो, चुकवू नका. इंग्रजीची धास्तीही नको, खाली अक्षरं येतात, अडलं तर थांबवून पोरांना विचारावं. शेवटाकडे मात्र झुरळंच झुरळं आहेत. ज्यांना किळस येते त्यांनी तेवढ्यापुरतं विरजण लावायला उठावं.