चाक थांबले, की बातमी थांबली?

रस्ता कोरडा आहे. समोरचा सिग्नल लाल झालेला पाहून चालक हलकेच ब्रेक दाबतो. गाडी आता थांबणार, एवढ्यात पायाखालचे पेडल धडधडू लागते आणि गाडी हातभर पुढे सरकून मग थांबते. रोज असेच होते. पुढे एखादे मूल उभे असले तर? बिघाड आहे हे उघड आहे. पण तो शोधायचा कोठे?

त्यासाठी आधी ए.बी.एस. ही यंत्रणा समजून घेऊ. ब्रेक जोराने दाबला की चाक जाम होऊन रस्त्यावरून घसरू लागते. पुढची चाके अशी घसरू लागली, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. हे टाळण्यासाठी १९७८ साली बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक ए.बी.एस. मर्सिडीज-बेंझ मोटारींत आली. भारतात एप्रिल २०१९ पासून ती नव्या मोटारींना सक्तीची झाली. एखादे चाक एकाएकी मंदावले, की गाडीतील छोटा संगणक त्या चाकाच्या ब्रेकवरचा तेलाचा दाब क्षणभर कमी करतो व पुन्हा वाढवतो. सेकंदात अनेकदा असे घडते. पेडलची धडधड ती हीच.

पण संगणकाला चाकाचा वेग कळतो कसा? पुष्कळ गाड्यांत चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्याच्यापासून सुमारे १ मिलिमीटरवर संवेदक, म्हणजे गॅरेजमधला 'सेन्सर', बसवलेला असतो. त्यात चुंबक व तारेचे वेटोळे असते. दाता समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्-दाब निर्माण होतो. १८३१ साली फॅरेडेने शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच! समजा, कड्याला ४८ दाते आहेत, चाकाचा परीघ २ मीटर आहे आणि गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे. चाकाचे सेकंदाला ५ फेरे होतील आणि संगणकाला २४० स्पंद मिळतील.

वेग कमी झाला की हा विद्युत्-दाबही घटतो. आता संवेदकाखाली गंज चढून तो कड्यापासून थोडा दूर ढकलला गेला असेल तर? मुळातच क्षीण झालेले स्पंद हळू वेगात संगणकाला कळेनासे होतात. 'हे चाक जाम झाले' असे समजून तो त्याचा ब्रेक सैल करतो. वास्तविक चाक थांबलेले नसते. त्याची बातमी थांबलेली असते!

म्हणून जाणता मेकॅनिक महागडा संगणक बदलण्याची घाई करत नाही. स्कॅनर जोडून तो मोकळ्या जागेत गाडी सरळ व हळू चालवतो. तीन चाके ताशी ६ किलोमीटर दाखवतात आणि एक शून्य दाखवते, तर शोध त्या एका चाकापाशी येऊन ठेपतो. मग गंज, कड्याला गेलेला तडा, तुटकी तार ही सारी ठिकाणे तो तपासतो. चाक उचलून हाताने फिरवले, की संवेदकाला जोडलेल्या मल्टिमीटरवर प्रत्यावर्ती विद्युत्-दाब दिसला पाहिजे. जोराने फिरवल्यास तो वाढलाही पाहिजे. अनेक नव्या गाड्यांतील संवेदकांना बाहेरून वीज पुरवावी लागते. त्यांना ही चाचणी लागू पडत नाही. तेथे स्कॅनरवरच भिस्त.

ए.बी.एस.चा पिवळा दिवा चावी फिरवताच लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागूनच राहिला, तर साधे ब्रेक सहसा चालू असतात, पण ए.बी.एस. बंद असते. तेव्हा गाडी जपून गॅरेजला न्यावी. जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी जागची हलवू नये.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी: एकाच चाकाला चुकून लहान आकाराचा टायर बसवला, तर संगणकाला काय वाटेल? परीघ आणि फेरे यांचे गणित मांडून पाहा.