देनारियस : रोमची चांदी आणि तिचे संग्राहक

देनारियस हे प्राचीन रोमचे चांदीचे मुख्य नाणे. हॅनिबलशी युद्ध ऐन भरात असताना, इ.स.पू. २११च्या सुमारास, रोमने ते पाडायला सुरुवात केली. पुढे साडेचार शतके सैनिकांचे पगार, कर आणि व्यापार त्यावर चालले. आकाराने ते आपल्या जुन्या पंचवीस पैशांच्या नाण्याएवढे. वजन आरंभी साडेचार ग्रॅम, लवकरच चारच्या आत.

दोन हजार वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे म्हणजे राजेरजवाड्यांच्या संग्रहातली वस्तू, असा समज असतो. तो खरा नाही. देनारियस लाखोंनी पाडले गेले आणि धामधुमीच्या काळात लोकांनी ते भांड्यांत भरून पुरले. बल्गेरियात रेका देव्निया येथे १९२९ साली सापडलेल्या एकाच साठ्यातील ८० हजारांहून अधिक नाण्यांची नोंद झाली. त्यामुळे ट्राजन किंवा हेड्रियन यांचे झिजलेले देनारियस युरोपातल्या बाजारात सामान्य पगारदारालाही परवडते. दुर्मिळ नाण्यांची गोष्ट अर्थातच वेगळी. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मुक्त गुलामाची टोपी असलेले नाणे काढले. एका खुनाची अशी उघड जाहिरात करणारी नाणी जगात फारशी नाहीत, म्हणूनच त्यावर संग्राहकांच्या उड्या पडतात.

हा छंदही जुना आहे. इटालियन कवी पेट्रार्कने १३५४ साली सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन नाणी भेट दिली. पूर्वसुरींचे चेहरे पाहून त्याने तसे वागावे, ही अपेक्षा त्यामागे होती. आजही पुष्कळ जण ‘बारा सीझर’ जमवतात, म्हणजे ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत प्रत्येकाचे एक नाणे. यात ओथो अडवतो. इ.स. ६९ मध्ये तो जेमतेम तीन महिने गादीवर होता. काही संग्राहक सम्राटांच्या वाटेला न जाता प्रजासत्ताक काळ धरतात. तेव्हा टांकसाळीवर नेमलेले तरुण अधिकारी आपल्या घराण्याच्या पराक्रमाची चित्रे नाण्यांवर उमटवत. मायकेल क्रॉफर्ड यांचा १९७४चा सूचिग्रंथ या नाण्यांसाठी प्रमाण मानला जातो.

मुद्रालेख त्रोटक असतो, पण त्याच्या खुणा कळल्या की तो बोलू लागतो. सम्राटाला ट्रिब्युनिशिया पोटेस्टास हा अधिकार दरवर्षी नव्याने मिळे आणि कितव्यांदा मिळाला तो आकडा अनेकदा नाण्यावर घातला जाई. तेवढ्यावरून नाण्याचे वर्ष ठरते.

संग्रहाचा खरा आनंद मात्र चांदीचा कस पाहण्यात आहे. नीरोने इ.स. ६४ मध्ये वजनही घटवले आणि हिणही वाढवले. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी चांदी निम्म्यावर आली. सैन्याचे पगार वाढत होते आणि तेवढी चांदी हाताशी नव्हती. इ.स. २१५ मध्ये काराकल्लाने दोन देनारियस किमतीचे नवे नाणे काढले, पण त्यात धातू दीडाचाच घातला. इ.स. २६८-२७०पर्यंत या नव्या नाण्यात चांदी पाच टक्क्यांहूनही कमी उरली; वर नुसता मुलामा. ही नाणी ओळीने मांडली तर साम्राज्याचा खजिना कसा रिता होत गेला ते रंगावरूनच दिसते. हिणकस नाण्याला आयुष्य मात्र जास्त. इ.स.पू. ३२-३१ मध्ये मार्क अँटनीने सैन्यासाठी पाडलेल्या देनारियसमध्ये चांदी कमी होती, म्हणून ते वितळवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. ते दोनशे वर्षे हातोहात फिरले आणि बहुधा गुळगुळीत झालेलेच मिळतात.

नीरोपूर्वीच्या चांगल्या कसाच्या चांदीला भारतात मान होता. ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे देनारियस कोइमतूर परिसरात आणि तेलंगणात साठ्यांनी सापडले आहेत. महाराष्ट्रात ते फारसे मिळत नाहीत. भडोचला रोमन नाणी फायद्याने बदलून मिळत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात म्हटले आहे. तेव्हा क्षत्रप नहपानाच्या नाण्यांसाठी हीच चांदी वितळवली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली त्याची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता.

खोट्या नाण्यांचा त्रास रोमनांनाही होता. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली त्या काळची बनावट नाणी आज स्वतःच संग्रहाचा विषय आहेत. आधुनिक बनावट अधिक घातक. ओतीव नाण्याच्या कडेला सांधा दिसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरे बोथट असतात. ठसा मारून केलेली नक्कल मात्र जाणकारालाही चकवते. अस्सल चांदी जमिनीत राहून अनेकदा ठिसूळ झालेली असते, त्यामुळे नाणे पडले तर तुटू शकते. ते घासूनपुसून चकचकीत करणे हा तर शुद्ध अडाणीपणा.

नाणे कोणाकडून आले, हा प्रश्न आता किमतीइतकाच महत्त्वाचा झाला आहे. ब्रूटसचे सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरना गेले. त्याचा मालकी-इतिहास बनावट निघाला आणि २०२३ साली ते ग्रीसला परत द्यावे लागले. भारतात शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला, तर १८७८च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नांगराला असे भांडे लागलेच, तर नाणी वाटून घेऊ नयेत, धुऊ नयेत. भांड्यासकट जशीच्या तशी ठेवावीत आणि आधी खबर द्यावी.