सकाळच्या वेळापत्रकाचा हिशेब

लवकर उठण्याचा उपदेश तुम्ही घरी भरपूर ऐकला असेल. या टिपणात आपण उपदेश बाजूला ठेवू आणि हिशेब करू. उदाहरण चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या नॉलेज सिटीचे घेऊ. सेक्टर 81 मधील या परिसरात आयसर मोहाली आणि नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था यांसारख्या संस्था शेजारी शेजारी आहेत. महाराष्ट्रातूनही मुले तिथे जातात.

माझी एक माजी विद्यार्थिनी जुलैमध्ये तिथल्या एका प्रयोगशाळेत रुजू झाली. साडेपाचला उठणे, थोडे चालणे, साडेसहा ते आठ वाचन आणि साडेनऊला काम, असा तिचा क्रम चार महिने सुरळीत चालला. जानेवारीत फोन आला. "सर, मी आळशी झालेय. गजर बंद करून परत झोपते. वाचन पूर्ण थांबलंय." प्रकल्प सोडून परत यावे की काय, इथपर्यंत तिचे विचार गेले होते.

मी तिला आधी सूर्योदयाच्या वेळा पाहायला सांगितल्या. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मोहाली सुमारे 76.7 अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटे लागतात, म्हणून 5.8 × 4 = सुमारे 23 मिनिटे घड्याळ तिथल्या सूर्याच्या पुढे असते. हा फरक सरासरीने वर्षभर तेवढाच राहतो, त्याची सवय होते. खरी गडबड अक्षांशाची. मोहाली जवळजवळ 31 अंश उत्तरेला असल्याने जूनमध्ये सूर्य 5:20 च्या सुमारास उगवतो, तर जानेवारीच्या सुरुवातीला 7:20 च्या सुमारास. म्हणजे पूर्ण दोन तासांचा फरक! मुंबईत हाच फरक साधारण सव्वा तासाचा आहे. जुलैत तिच्या गजराबरोबर उजाडत होते. जानेवारीत तोच गजर सूर्योदयाच्या पावणेदोन तास आधी वाजत होता, वर थंडी आणि धुके. घड्याळातली वेळ तीच राहिली, सकाळ मात्र पुढे सरकली.

शरीराला हे कसे कळते? मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो शरीराचे मुख्य घड्याळ चालवतो आणि डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाने ते रोज जुळवून घेतो. (पेशींमधले हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले.) अंधारात मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते, भरपूर उजेडात ते थांबते. वसतिगृहाच्या खोलीत ट्यूबलाइटचा उजेड फार तर दोन-तीनशे लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स मिळतात. म्हणून दिवा लावून बसल्याने बाहेर जाण्याची भरपाई होत नाही. चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये ल कॉर्ब्युझिए यांनी चोवीस सौर तासांची उजेड-अंधाराची आकृती उभारली आहे. तिथे गेलात तर जरूर पाहा.

आता वेळापत्रक उलट्या बाजूने मांडू, म्हणजे कामाच्या वेळेपासून मागे. साडेनऊला काम. आठ ते सव्वानऊ वाचन. त्याआधी साडेसातला वीस मिनिटे बाहेर उजेडात. उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटे डोके जड असते, त्या वेळात अवघड काही ठेवायचे नाही; चहा, आंघोळ एवढेच. म्हणजे उठणे पावणेसातला आणि साडेसात तास झोप हवी तर रात्री सव्वाअकराला दिवा बंद. कॉफीतले निम्मे कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा रात्री आठची कॉफी या गणितात बसत नाही. तिचे वाचन दीड तासाचे सव्वा तास झाले. पण ते रोज होऊ लागले.

सवय लावताना "सकाळी वाचेन" एवढे ठरवणे पुरत नाही. "चहाचा कप टेबलावर ठेवला की काल अर्धा राहिलेला परिच्छेद उघडेन" असे ठरवा. आधीच्या कृतीला पुढची जोडली की निर्णय घ्यावा लागत नाही. आणि एकवीस दिवसांत सवय लागते, हे ऐकीव आहे. लंडनमध्ये झालेल्या, 2010 च्या एका अभ्यासात मधला आकडा 66 दिवस आला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत बदलत होता. तेव्हा महिनाभरात जमले नाही म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका.

असा शिक्का मारण्याची चूक मी स्वतः केली आहे. काही वर्षांपूर्वी पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी वर्गात आळशी म्हणालो आणि रोज पाचला उठून अभ्यास करायला सांगितले. त्याने निमूटपणे ते केले. घटक चाचणीत गुण आणखी घसरले. नंतर चौकशी केली तेव्हा कळले, तो रात्री अकरापर्यंत औषधांच्या दुकानात काम करत असे आणि झोपायला साडेबारा वाजत. पाचचा गजर म्हणजे साडेचार तासांची झोप, तीही माझ्या सांगण्यावरून. मी वर्गातच त्याची माफी मागितली. मग आम्ही दोघांनी कागद घेऊन त्याचा दिवस मांडला. गजर साडेसातवर नेला आणि गणिताचा अभ्यास दुपारच्या रिकाम्या तासाला, ग्रंथालयात ठेवला.