मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मुंबईहून लंडन किती लांब, हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो, आणि तो केवळ कुतूहलापोटीं नव्हे. मुलगी तिकडे बाळंत व्हावयाची असते, कोणाची शस्त्रक्रिया ठरलेली असते. अशा वेळीं माणसाला किलोमीटर नको असतात. आपल्या माणसाच्या उशाशीं केव्हां बसतां येईल, एवढेंच त्याला हवें असतें. तरी आरंभ अंतरापासूनच करावा लागतो.

त्यासाठीं भिंतीवरील नकाशावर पट्टी ठेवूं नये. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. घरांत मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर या दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा. तो बलुचिस्तान, इराण व कास्पियन समुद्र यांवरून जातो, निम्म्या वाटेवर कॉकेशसांत तिबिलिसीच्या जवळ येतो, आणि पुढें काळा समुद्र व युक्रेन ओलांडून लंडनास पोंचतो. हीच सर्वांत जवळची वाट. लांबी सुमारें ७,२०० किलोमीटर.

विमानाचा वेग तासाला ९०० किलोमीटर धरला, तर आठ तास होतात. पण वेळापत्रक पाहावें तों जावयास साडेनऊ ते दहा तास, आणि परतीस नऊच्या आसपास! याचें मोठें कारण वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, विशेषतः समशीतोष्ण प्रदेशावर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान प्रवाह वाहतात. ताशीं १०० किलोमीटरचा वारा सबंध वाटभर समोरून आला असें मानूं. मग आठाचे नऊ तास होतात. तोच पाठीशीं असेल तर सव्वासात पुरतात. शिवाय धांवपट्टीपर्यंत सरकणें आणि लंडनवर उतरण्यासाठीं घिरट्या घालीत थांबणें, हाही वेळ त्यांतच मोजलेला असतो.

आणि आकाशासही वेशी आहेत. २०१९ मध्यें फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्ताननें आपलें आकाश मिटलें. २०२२ च्या फेब्रुवारींत युद्धामुळें युक्रेनवरील नागरी उड्डाणें थांबलीं. असें झालें म्हणजे दोऱ्याची वाट दोऱ्यापुरतीच राहते, आणि विमान वळसा घेतें.

तरीही तक्रार करावी असें नाहीं. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघालें, तें कैरो व जिनिव्हा येथें थांबत १० जूनला लंडनास पोंचलें. आगबोटीच्या दोन-तीन आठवड्यांच्या मानानें तेव्हां हें नवलच वाटलें असेल.

आतां घड्याळाची गोष्ट. मुंबईहून रात्रीं दोनला निघालेलें विमान हिवाळ्यांत लंडनास सकाळीं साडेसहाला उतरलें, म्हणजे प्रवास साडेचार तासांचा झाला असें नव्हे. तेथील घड्याळ आपल्याहून साडेपांच तास मागें असतें, म्हणून प्रवास दहा तासांचा. उन्हाळ्यांत तें घड्याळ एक तास पुढें करतात, तेव्हां फरक साडेचार तासांचाच राहतो. उलट हिवाळ्यांत तिकडून सकाळीं दहाला निघालेलें विमान नऊ तासांनीं येथें उतरतें, तेव्हां आपल्याकडे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. तारीख बदललेली असते. आणावयास जाणारानें विमानतळाकडे एक रात्र उशिरा निघूं नये.